कैसराचे कैसराला, देवाचे देवाला : ख्रिस्ती विश्वास, संस्कृती आणि सार्वजनिक जीवन

दिवाळीत शेजारच्या घरून फराळाचे ताट आले की आमच्या घरी ते आनंदाने घेतले जाई, आणि नाताळात त्याच ताटातून करंज्या आणि केक परत जात. परंतु त्याच काकूंनी सत्यनारायणाच्या पूजेनंतर शिऱ्याचा प्रसाद पुढे केला, की माझ्या आईचा हात क्षणभर थबके. काकूंच्या ते लक्षात येई. एकदा त्यांनी मनात कोणताही राग न धरता सरळ विचारले, "तुमच्यात हे चालत नाही का हो?" आईला त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही. नागपुरात मराठी ख्रिस्ती घरात वाढताना असे प्रश्न मी पुष्कळ ऐकले. तुमच्याकडे लग्नात हळद लागते, मंगळसूत्रही असते, मग तुम्ही वेगळे कसे? निवडणुकीत कोणाला मत द्यायचे हे चर्चमध्ये सांगतात का? धर्म बदलला की देशाशी असलेले नातेही बदलते का?

हे प्रश्न वेगवेगळे वाटत असले तरी त्यांचे मूळ एकच आहे. माणूस ख्रिस्तावर विश्वास ठेवतो तेव्हा ज्या संस्कृतीत तो जन्मला तिच्याशी आणि ज्या राज्यात तो राहतो त्याच्याशी त्याचे नाते काय होते, हा तो प्रश्न होय. दोन हजार वर्षे ख्रिस्ती माणसे त्यावर विचार करीत आली आहेत, आणि त्यांचे उत्तर एका ओळीत मावत नाही. ते का मावत नाही, हे समजले तर काकूंच्या प्रश्नाचेही उत्तर देता येते.

नाण्यावरची मुद्रा

नव्या करारातील एक प्रसंग या सगळ्या विचाराच्या मुळाशी आहे. यहूदीया प्रांत तेव्हा रोमी साम्राज्याच्या ताब्यात होता आणि लोकांना रोमच्या सम्राटाला, म्हणजे कैसराला, कर द्यावा लागे. येशूला कोंडीत पकडण्यासाठी काही लोकांनी त्याला विचारले, "कैसराला कर देणे योग्य आहे की नाही?" "द्या" म्हटले असते तर तो आपल्याच लोकांचा द्रोही ठरला असता, "देऊ नका" म्हटले असते तर बंडखोर म्हणून पकडला गेला असता. येशूने कराचे नाणे मागितले आणि उलट विचारले, "ही मुद्रा व हा लेख कोणाचा?" ते म्हणाले, "कैसराचा." त्यावर तो म्हणाला, "तर मग कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला भरून द्या."

या वाक्याचा अर्थ बहुधा असा सांगितला जातो की जीवनाचे दोन कप्पे आहेत, एक सरकारचा आणि एक देवाचा, आणि दोहोंनी एकमेकांत ढवळाढवळ करू नये. हा अर्थ अगदी चुकीचा नाही, परंतु तो अर्धा आहे. सगळा भर "मुद्रा" या शब्दावर आहे. ऐकणाऱ्यांना त्यांच्या शास्त्राचे पहिले पान पाठ होते, आणि त्या पानावर देवाने मनुष्य आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला असे लिहिलेले आहे. नाण्यावर कैसराची मुद्रा आहे, म्हणून नाणे कैसराला द्यावे. परंतु माणसावर देवाची मुद्रा आहे, म्हणून माणूस कैसराला देता येत नाही. राज्याने कर मागावा, कायद्याचे पालन मागावे, रस्त्याच्या डाव्या बाजूने चाला असे सांगावे. माणसाच्या सद्सद्विवेकबुद्धीवर मात्र त्याला मालकी सांगता येत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. जो देवाच्या मुद्रेचा आहे तो केवळ रविवारी सकाळी देवाचा नसतो. दुकानात, कचेरीत आणि मतदान केंद्रातही तो देवाचाच असतो.

म्हणूनच बायबलमध्ये राज्याविषयी दोन वेगळे सूर ऐकू येतात. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, ज्याचा कर त्याला कर द्या, ज्याचा मान त्याला मान द्या. प्रेषितांची कृत्ये या नव्या करारातील पुस्तकात मात्र यहूदी धर्मसभेने शिष्यांना येशूविषयी बोलण्याची मनाई केली तेव्हा त्यांच्यातील पेत्र उत्तर देतो की मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. यांपैकी एकच वचन हाती धरणारा ख्रिस्ती माणूस एक तर सत्तेचा आंधळा सेवक होतो किंवा प्रत्येक कायद्याशी भांडणारा होतो. पहिल्या शतकांतील ख्रिस्ती लोकांनी दोन्ही वचने एकत्र जगून दाखवली. ते कर भरत आणि सम्राटासाठी प्रार्थना करीत, पण सम्राटाच्या पुतळ्यापुढे धूप जाळायला नकार देत. इसवी सन ११२ च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमी अधिकाऱ्याने सम्राट ट्राजनला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे, त्यात ख्रिस्ती कोण हे ओळखण्याची त्याची कसोटी हीच होती : पुतळ्यापुढे धूप आणि द्राक्षारस वाहा आणि ख्रिस्ताला शाप द्या, म्हणजे सुटाल.

पुढे चित्र पालटले. ३१३ साली ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली आणि ३८० साली तो साम्राज्याचा धर्म झाला. ज्यांचा छळ झाला होता त्यांच्याच हाती दुसऱ्यांचा छळ करण्याची सत्ता आली, आणि ती अनेकदा वापरली गेली. मी ख्रिस्ती आहे म्हणूनच हे मला स्पष्ट लिहिले पाहिजे. इतिहासाचा हा भाग टाळून विश्वास आणि सत्ता यांविषयी प्रामाणिकपणे बोलता येत नाही. ४१० साली रोम शहर लुटले गेले आणि जुन्या देवांना सोडल्यामुळेच हे घडले असा आरोप होऊ लागला, तेव्हा उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन यांनी कित्येक वर्षे खपून एक प्रदीर्घ ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे की जगात दोन नगरे आहेत, एक देवावरील प्रेमातून उभे राहिलेले आणि दुसरे स्वतःवरील प्रेमातून. परंतु या काळात ती दोन्ही एकमेकांत मिसळलेली आहेत, शेतात गहू आणि निदण म्हणजे तण मिसळलेले असावे तशी. म्हणून कोणतेही राज्य देवाचे राज्य नाही, आणि चर्चमध्ये बसलेला प्रत्येक माणूसही देवाच्या नगराचा आहे असे गृहीत धरता येत नाही. मला हा विचार आजही सर्वांत उपयोगी वाटतो, कारण तो ख्रिस्ती माणसाला दोन मोहांपासून वाचवतो : राज्याला देव मानण्याच्या आणि स्वतःच्या समाजाला निर्दोष मानण्याच्या.

नंतरच्या काळात या विचाराला अनेक फाटे फुटले. सोळाव्या शतकात मार्टिन लूथर यांनी सांगितले की देव जग दोन प्रकारे चालवतो, तलवारीने म्हणजे कायद्याने आणि वचनाने म्हणजे शुभवर्तमानाने (ख्रिस्ताच्या संदेशाने), आणि दोहोंची सरमिसळ करू नये. ही विभागणी शहाणपणाची होती, परंतु विसाव्या शतकात जर्मनीत तिचाच आधार घेऊन अनेक ख्रिस्ती नाझी सत्तेपुढे गप्प राहिले. राष्ट्र, वंश आणि ख्रिस्त यांची एकच मोळी बांधणारे "जर्मन ख्रिस्ती" तर त्याहून पुढे गेले. त्यांच्या विरोधात १९३४ साली बार्मेन येथे जमलेल्या मंडळ्यांनी (चर्चच्या प्रतिनिधींनी) जाहीर केले की चर्चने ऐकावयाचा शब्द ख्रिस्ताचा आहे, कोणत्याही नेत्याचा किंवा राष्ट्राचा नाही. नेदरलँड्समध्ये अब्राहम काइपर यांनी वेगळी मांडणी केली होती. हे चर्चचे पाळक (धर्मोपदेशक) होते आणि १९०१ ते १९०५ या काळात पंतप्रधानही होते. कुटुंब, शाळा, व्यापार, चर्च आणि राज्य यांतील प्रत्येकाचा अधिकार थेट देवाकडून येतो, त्यामुळे राज्याने कुटुंबाच्या किंवा चर्चच्या हद्दीत शिरू नये आणि चर्चनेही राज्याच्या हद्दीत शिरू नये, असे त्यांचे म्हणणे. कॅथलिक चर्चने १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत धर्मस्वातंत्र्यावर स्वतंत्र घोषणापत्र काढले आणि स्पष्ट केले की विश्वासाच्या बाबतीत कोणावरही सक्ती करणे मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे. शतकानुशतके ज्या चर्चने सत्तेचा हात धरला होता, त्या चर्चने हे म्हणावे, ही लहान गोष्ट नव्हती.

प्रसादाचा प्रश्न

आता काकूंच्या शिऱ्याकडे येऊ. हा प्रश्न बायबलमध्ये जवळजवळ याच शब्दांत आलेला आहे. करिंथ हे ग्रीसमधील बंदराचे शहर होते. तेथे देवळांत वाहिलेले मांस बाजारात विकले जाई आणि मेजवान्यांत वाढले जाई. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांनी ते खावे की नाही यावरून तंटा झाला आणि त्यांनी पौलाला लिहून विचारले. मराठी बायबलमध्ये त्याच्या उत्तराची सुरुवात "मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्यांविषयी" अशी होते, आणि मराठी वाचकाला हा शब्द दिसताच ते पत्र आपल्याच गल्लीत आल्यासारखे वाटते.

पौलाचे उत्तर "खा" किंवा "खाऊ नका" असे सरळ नाही. तो प्रथम म्हणतो की अन्नामुळे देवाजवळ आपली योग्यता ठरत नाही; खाल्ल्याने काही मिळत नाही आणि न खाल्ल्याने काही जात नाही. बाजारात मिळते ते चौकशी न करता खा, असेही तो सांगतो. मग तो दुसरी बाजू मांडतो. तुझ्यासोबत असा कोणी असेल की ज्याच्या दृष्टीने ते खाणे म्हणजे पूजेत सामील होणे आहे, आणि तुझे पाहून तो आपल्या मनाविरुद्ध वागेल, तर तुझ्या स्वातंत्र्याने तू त्याला पाडतोस. प्रत्यक्ष पूजेत सहभागी होणे मात्र तो नाकारतो, कारण उपासना एकाच देवाची. म्हणजे अन्न हा प्रश्नच नाही. उपासना कोणाची आणि शेजारच्या माणसाच्या मनावर परिणाम काय, हे दोन प्रश्न आहेत.

म्हणूनच ख्रिस्ती कुटुंबे प्रसादाबाबत एकसारखी वागत नाहीत, आणि हे ढोंग नव्हे. एक माणूस तो शेजाऱ्याच्या प्रेमाची खूण म्हणून घेतो. दुसरा हात जोडून नम्रपणे नाही म्हणतो, कारण त्याच्या घरी ती पूजा सोडून ख्रिस्ती झालेले आजोबा आहेत आणि त्यांच्यासाठी ते घेणे म्हणजे मागे फिरणे आहे. माझ्या आईचा हात थबके, कारण ती या दोहोंच्या मध्ये उभी होती. तिला काकू दुखवायच्या नव्हत्या आणि तिचे मनही दुखवायचे नव्हते. एवढे तिला सांगता आले असते तर काकूंना ते पटले असते, याची मला खात्री आहे.

याहून जुना एक निर्णय या सगळ्याच्या पायाशी आहे. पहिल्या शतकाच्या मध्यावर यरुशलेमेत प्रेषितांची सभा भरली. यहूदी नसलेले लोक ख्रिस्ती होऊ लागले होते, आणि त्यांनी आधी सुंता करून यहूदी रीतिरिवाज स्वीकारावेत असा काहींचा आग्रह होता. बऱ्याच वादानंतर सभेने ठरवले की हे ओझे त्यांच्यावर घालू नये. हा निर्णय नसता तर ख्रिस्ती होण्यासाठी प्रत्येकाला प्रथम परकी संस्कृती घ्यावी लागली असती. तत्त्व त्या दिवशी ठरले होते. पाळले मात्र नेहमी गेले नाही.

मराठी मातीत

आपल्याकडे हे तत्त्व कसे पाळले गेले आणि कसे मोडले गेले, हे पाहण्यासाठी नागपूर फार चांगली जागा आहे. स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप १८४५ साली येथे आले तेव्हा गादीवर भोसले होते. १८४६ साली त्यांनी शाळा काढली, आणि तिच्याच परंपरेतून १८८३ साली हिस्लॉप कॉलेज उभे राहिले. हिस्लॉप हे धर्मप्रसारक होते आणि भूगर्भशास्त्राचे जाणकारही होते. नागपूरच्या परिसरातील खडक आणि जीवाश्म यांवरील त्यांच्या कामाची दखल युरोपातील अभ्यासकांनी घेतली. गोंड समाजाची गाणी आणि त्यांचा पुराणपुरुष लिंगो याची गाथा त्यांनी ऐकून उतरवून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या ओढ्यात त्यांचा मृत्यू झाला, आणि त्यांची टिपणे १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. ज्यांना शुभवर्तमान सांगायचे त्यांची भाषा, गाणी आणि त्यांच्या पायाखालचा दगडसुद्धा जाणून घ्यावा, ही वृत्ती मला आदरणीय वाटते. त्याच काळात अनेक ठिकाणी ख्रिस्ती होणाऱ्याचे नाव बदलले गेले, गाण्याची चाल बदलली गेली आणि युरोपी पद्धत म्हणजेच ख्रिस्ती पद्धत असा समज पक्का झाला, हेही खरे आहे. तो समज आपल्या शेजाऱ्यांच्या मनात अजून आहे, आणि तो निर्माण होण्यास आमचेच पूर्वज कारणीभूत आहेत.

त्या समजाला सर्वांत जोरकस उत्तर रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी दिले. त्यांच्या जीवनाला वळण मिळाले ते नागपूरच्या वाटेवर. येथील विद्याप्रेमी धनिक आप्पासाहेब बुटी यांच्याकडे संस्कृत साहित्याचे काम करून ते १८९३ साली राजनांदगावला निघाले असताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपी प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधले आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा जलसंस्कार, घेतला. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी मराठी सोडली नाही, अभंग सोडला नाही, कीर्तन सोडले नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. आज मराठी मंडळ्यांच्या उपासनेत जी भजने टाळ-तबल्यावर गायली जातात त्यांतील कितीतरी त्यांची आहेत. त्यांच्याही आधी, १६१६ साली, जेझुइट या कॅथलिक संघाचे इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण गोव्यात राचोल येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचे हे काव्य मराठीची थोरवी गातच सुरू होते. पंडिता रमाबाईंनी तर इंग्लंडमध्ये १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर आपल्याला ख्रिस्ती शिक्षण देणाऱ्या संन्यासिनींनाच विचारले की क्रुसावरील शब्द लॅटिनमध्येच का असावेत, संस्कृतमध्ये का नसावेत. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडात आपण जाणार नाही, हे त्यांनी पत्रांतून ठामपणे कळवले. विश्वास स्वीकारणे आणि विश्वास आणून देणाऱ्यांची संस्कृती स्वीकारणे यांतील फरक इतक्या नेमकेपणाने फार थोड्यांनी जगून दाखवला.

युरोपातून आलेल्या ओझ्याचा आणखी एक भाग म्हणजे चर्चमधील फूट. स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या इतिहासातील भांडणांतून जन्मलेले पंथ भारतात आले, आणि नागपुरातील सदर भागातल्या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) माणसाने आणि सीताबर्डीच्या प्रेस्बिटेरियन (स्कॉटलंडच्या चर्चच्या) माणसाने वेगळे का राहावे, याला येथे कोणतेही कारण नव्हते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात, ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात, सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. ज्या शहरात भारतातील प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांच्या राष्ट्रीय परिषदेचे मुख्यालय आहे, त्या शहरातील लोकांनाही हे फारसे ठाऊक नसते.

अमेरिकेतील धर्मचिंतक रिचर्ड नीबर यांनी १९५१ साली ख्रिस्त आणि संस्कृती यांच्या नात्याचे पाच नमुने सांगितले : संस्कृतीला विरोध, संस्कृतीशी एकरूपता, संस्कृतीच्या वर असलेला ख्रिस्त, दोहोंमधला कायमचा ताण, आणि संस्कृतीचे परिवर्तन. अभ्यासाला हे नमुने सोयीचे आहेत, परंतु प्रत्यक्षात एकाच माणसाला एकाच दिवशी दोन-तीन नमुन्यांनी वागावे लागते. हळद तो ठेवतो, कारण ती लग्नाचा आनंद आहे; मंगळसूत्रात काळ्या मण्यांमध्ये क्रूस ओवून त्याला नवा अर्थ देतो; आणि पत्रिका जुळवायला नाही म्हणतो, कारण आपले भविष्य ग्रहांच्या हाती आहे असे तो मानत नाही.

जे नाकारलेच पाहिजे होते

संस्कृतीतील एक गोष्ट मात्र अशी होती की जिच्याबाबत ना ताण हवा होता ना तडजोड. ती म्हणजे जात. प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे असे मानणाऱ्याला जन्मावरून माणसाची किंमत ठरवता येत नाही. पौलाने पेत्राला अंत्युखिया शहरात सर्वांसमोर खडसावले ते याच कारणासाठी : यहूदी नसलेल्या बांधवांसोबत जेवणारा पेत्र काही लोक आल्यावर पंगत सोडून उठला होता. असे असूनही भारतातील अनेक मंडळ्यांत जात टिकून राहिली. कुठे वेगळ्या बाकांच्या रूपाने, कुठे वेगळ्या दफनभूमीच्या रूपाने, आणि बहुतेक ठिकाणी लग्नाच्या बोलणीत. धर्मांतरानंतरही जात सुटत नाही, हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ख्रिस्ती समाजाविषयीचा आक्षेप होता. दीक्षाभूमीच्या शहरात राहून तो ऐकला नाही असे आम्हाला म्हणता येणार नाही, आणि तो खोटा आहे असेही म्हणता येणार नाही. माझ्या ओळखीतील एका घरी मुलीचे लग्न ठरता ठरता मोडले. दोन्ही घरे ख्रिस्ती होती, आणि मोडण्याचे कारण दोन पिढ्यांपूर्वीची जात हेच होते.

याला राज्याच्या बाजूनेही एक अन्याय जोडला गेला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम जवळजवळ केवळ हिंदूंना होता. १९५६ साली तो सर्व दलित शिखांना आणि १९९० साली बौद्धांना लागू झाला, दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम मात्र अजूनही त्याबाहेर आहेत. त्यामागचा युक्तिवाद असा की ख्रिस्ती धर्म जात मानत नाही. धर्मशास्त्र म्हणून हे खरे आहे. गावातल्या विहिरीवर ते खरे ठरत नाही. येथे ख्रिस्ती समाजाला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात : सरकारकडे न्याय मागणे आणि स्वतःच्या घरातील जात उघडपणे मान्य करणे. दुसरे केल्याशिवाय पहिल्याला वजन येत नाही, असे माझे मत आहे.

नागरिक म्हणून

भारताच्या घटनेने या विषयाला जी चौकट दिली तिच्या घडणीत ख्रिस्ती लोकांचाही वाटा आहे. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती होते आणि अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्षही होते. ख्रिस्ती समाजाने स्वतंत्र मतदारसंघ आणि राखीव जागा यांचा आग्रह सोडला. बहुसंख्याकांच्या सद्भावनेवर विश्वास ठेवण्याचा तो निर्णय होता. कलम २५ मध्ये धर्म मानणे आणि आचरणे यांसोबत त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य आहे. १९४८ च्या डिसेंबरमध्ये या "प्रसार" शब्दावर बराच वाद झाला, आणि कन्हैयालाल मुन्शी यांच्यासारख्या सदस्यांनी तो ठेवण्याच्या बाजूने भाषण केले.

वाद तेथे संपला नाही, आणि त्याचा पुढचा टप्पा नागपूरशीच जोडलेला आहे. हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी असताना, १९५४ साली, राज्य सरकारने धर्मप्रसारकांच्या कामाची चौकशी करण्यासाठी नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५६ च्या तिच्या अहवालात प्रलोभनाने होणाऱ्या धर्मांतरावर कठोर टीका होती आणि कायद्याने बंदीची शिफारस होती. ख्रिस्ती संस्थांनी तो एकतर्फी म्हणून नाकारला. १९६८ साली मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. न्यायालय म्हणाले की आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, परंतु दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही.

हा निर्णय ख्रिस्ती माणसाला नेहमी बोचतो. तरीही ख्रिस्ती शिकवणीतून पाहिले तर त्यातील एक गोष्ट आमच्याच विश्वासाशी जुळते : माणूस माणसाचे धर्मांतर करू शकत नाही. विश्वास हे देवाचे दान आहे आणि बाप्तिस्मा घेणाऱ्याने तो स्वतःच्या तोंडाने कबूल करावा लागतो. तांदळाच्या पोत्यासाठी किंवा भीतीपोटी दिलेला होकार हा विश्वास नव्हेच. म्हणून जो कोणी गरिबीचा फायदा घेऊन संख्या वाढवतो तो कायद्याच्या आधी शुभवर्तमानाचाच अपराध करतो. परंतु याच तर्काने पुढे गेले की दुसरी गोष्टही मान्य करावी लागते. ज्याने मनापासून विश्वास धरला त्याला तो जाहीर करण्यापूर्वी अधिकाऱ्याची परवानगी मागावी लागू नये, आणि भुकेल्याला जेवू घालणे हेच प्रलोभन ठरू नये. सेवेचा हेतू कोणता हे बाहेरून कोण ठरवणार, ही या प्रकारच्या कायद्यांची खरी अडचण आहे. नाण्यावरच्या मुद्रेचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो.

सद्सद्विवेकाचा मान राज्याने कसा राखावा याचे एक उदाहरण १९८६ सालचे आहे. केरळमधील तीन मुले शाळेत राष्ट्रगीत सुरू असताना आदराने उभी राहत, पण धार्मिक श्रद्धेमुळे ते गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्यास सांगितले. ही मुले यहोवाचे साक्षीदार या पंथाची होती, ज्याची शिकवण मुख्य प्रवाहातील मंडळ्या मान्य करीत नाहीत. आम्ही स्वतः राष्ट्रगीत अभिमानाने गातो. तरीही तो निकाल आमचाही आहे, कारण आपल्याला न पटणाऱ्याच्या विवेकाचे रक्षण होते तेव्हाच आपल्या विवेकाचेही होते.

मतदानाबाबत उत्तर सोपे आहे. बायबल कोणताही पक्ष सांगत नाही, आणि पाळकसाहेबांनी वेदीवरून उमेदवाराचे नाव घेणे हे मला उपासनेचा अवमान वाटते. गरिबाला न्याय मिळतो का, विधवेचे आणि परक्याचे रक्षण होते का, सत्तेला सत्य सांगता येते का, हे प्रश्न मात्र मंडळीत विचारले गेलेच पाहिजेत, कारण संदेष्ट्यांनी राजांना तेच विचारले होते. त्या प्रश्नांची उत्तरे शोधताना एकाच बाकावरची दोन माणसे वेगळ्या चिन्हासमोर बोट दाबतील, आणि दोघेही संध्याकाळच्या प्रार्थनेला एकत्र येतील.

यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या आपल्या लोकांना पत्र लिहिले होते. ते परक्या देशात होते, सत्ता परकी होती आणि देव परके होते. त्याने त्यांना सांगितले की घरे बांधून राहा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याचे हितचिंतन करा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. नागपूर आमच्यासाठी बाबेल नाही. आमचे आजोबा-पणजोबा याच मातीत पुरलेले आहेत. तरी आमच्या मंडळीत दर रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत त्या पत्रातील शब्द येतात. राष्ट्रपतींचे, पंतप्रधानांचे, मुख्यमंत्र्यांचे नाव घेतले जाते, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत. मग शहरासाठी, उन्हाळ्यात पाण्यासाठी, दवाखान्यातल्या आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते. काकू गेल्या त्या वर्षी, त्यांच्या तेराव्याच्या आदल्या रविवारी, माझ्या आईने उभे राहून त्या यादीत त्यांच्या मुलांची नावे घातली.